नाही सांगायला जाणारे गेडामभाऊ

आमच्या पाटबंधारे उपविभागात योजना मंजूर झाली की नारळ फोडायला जीपभर माणसं जात. नामंजूर झाली की एकटे गेडामभाऊ जात. तेही रविवारी, स्वतःच्या खर्चाने, एसटीने.

ऐंशीनंतरची ती वर्षं. चंद्रपूरच्या त्या कचेरीत मी नकाशे काढायचो आणि गेडामभाऊ सर्वेक्षक होते. कोरडवाहू शेतीला पाणी नेणं परवडेल की नाही, हे त्यांच्या मोजमापावर ठरे. दुर्बीण आवरली की ते बांधावर बसत आणि शेतकऱ्याला विचारत, पाणी आलं तर काय पेराल? उत्तर पटलं नाही तर तासभर वाद घालत. गहू पेरीन म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी कबूल करून घेतलं होतं, की त्याला गव्हाची पोळी आवडते, गव्हाची शेती नाही.

नदीचं पाणी उपसून वर नेण्याचा प्रस्ताव आला की त्यांचं वाक्य ठरलेलं असे, "पाण्याले मोटर चढवते, मोटरले कोण चढवते?" विजेचा भार शेवटी पिकावरच बसतो, असं त्यांना म्हणायचं असे. साहेब वैतागत. आकडे जरा सैल धरा म्हणत. गेडामभाऊ नम्रपणे मान डोलवत आणि आकडे होते तिथेच ठेवत.

राजुऱ्याकडच्या एका गावाची योजना अशीच हिशेबात बसली नाही. नदी खोल, शेतं उंचावर, पीक एकट्या धानाचं. साहेबांनी पत्र टाकायला सांगितलं. पत्र कपाटात राहते, माणसापर्यंत पोचत नाही, असं म्हणून गेडामभाऊ रविवारी निघाले. मीही कुतूहलापोटी बरोबर गेलो.

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते. नकाराची तालीम चालली होती. मध्येच त्यांनी मला विचारलं, 'होत नाई' बरं वाटतं की 'जमत नाई'? पायाशी पिशवीत लाखोळीचं, म्हणजे वेगळं पाणी न देता येणाऱ्या कडधान्याचं, बियाणं होतं. रिकाम्या हाताने नाही सांगू नये, हा त्यांचा नियम.

गावात पारावर सगळ्यांना सांगून झालं. काही जण चिडले, काही उठून गेले. शेवटी आम्ही सुगंधाबाईंच्या अंगणात आलो. नवरा नसलेली बाई, तीन एकर धान. मोजणीच्या दिवसांत गेडामभाऊंना भाकरी तिनेच दिली होती. तिने पाणी आणून ठेवलं आणि त्यांची सगळी तालीम वाया गेली.

"बाई, पाणी नाई येत," ते म्हणाले. "वाट नका पाहू."

ती खांबाला टेकून खाली बसली. मग हळूहळू कळलं. तिचा मुलगा मारोती माजरीला कोळसा खाणीवर कामाला होता. आता शेतीला पाणी येणार, तू घरी ये, असा निरोप तिनेच त्याला धाडला होता. तो नोकरी सोडायच्या बेतात होता.

"त्याले आता कोण सांगन, भाऊ?"

"मी जातो नं."

उभ्या धानातल्या ओलीवर लाखोळी कधी फेकायची ते त्यांनी तिला दोनदा समजावलं, पिशवी ओसरीवर ठेवली आणि आम्ही निघालो. चंद्रपूरला उतरून मी घरी गेलो. ते चहासुद्धा न घेता भद्रावतीच्या बसमध्ये चढले. तिथून पुढे माजरी.

सोमवारी ते उशिरा आले. मारोती भेटला का, मी विचारलं. भेटला होता. नोकरी सोडायचा अर्ज लिहून त्याने खिशात ठेवला होता. तो त्याने यांच्यासमोरच फाडला.

असल्या कामासाठी एवढा जीव का काढता, मी म्हणालो. ते नकाशाची गुंडाळी करत होते.

"मी लहान होतो तवा आमच्या वावरात कालव्याच्या खुंट्या ठोकून गेले होते," ते म्हणाले. "बापानं तेवढी जागा पेरलीच नाई. रोज सकाळी जाऊन खुंट्या पाहे. कालवा दुसरीकडून गेला. आमाले सांगाले कोणी आलंच नाई."

"किती वर्षं वाट पाहिली त्यांनी?"

गेडामभाऊंनी नकाशाला दोरा बांधला.

"जिता होता तवरी."