पिवळ्या उजेडातला कोट

प्रोफेसरांना जाग आली तेव्हा खोलीत मध भरला होता. निदान पहिल्या क्षणी त्यांना तसे वाटले. भिंती, पुस्तकांचे कपाट, पाण्याचा पेला, शेजारी झोपलेल्या पत्नीचे पांढरे केस, सारे काही एका संथ पिवळ्या द्रवात बुडाले होते आणि आपण स्वतः त्यात अलगद तरंगत आहोत, अशी सुखद जाणीव त्यांना होत होती. मग त्यांनी खिडकीकडे पाहिले. खिडकीच्या जागी एक प्रचंड नाकपुडी होती.

"अहो," पत्नी डोळे न उघडता म्हणाली, "त्या लोकांना तुम्ही काय सांगितलंत?"

"गच्चीवरून एक फलक सोडायचाय म्हणाले. मी म्हटलं, सोडा."

"केवढा, ते विचारलंत?"

प्रोफेसरांनी ते विचारले नव्हते. राज्यशास्त्र शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि पुरोगाम्यांच्या पिवळ्या पक्षाला मत देण्यातही तेवढेच गेले होते. दर निवडणुकीनंतर पक्षाच्या पराभवाची मीमांसा ते इतक्या खोलात शिरून करीत, की पराभव हा विजयाहून अधिक सुसंस्कृत प्रकार असावा, असे ऐकणाऱ्याला वाटू लागे. कृती मात्र त्यांच्या हातून कधी घडली नव्हती. म्हणून जिन्यात पक्षाच्या प्रचारप्रमुखाने "सर, तुमची भिंत द्याल का?" असे विचारले, तेव्हा साक्षात इतिहास दारात उभा असल्याचा त्यांना भास झाला. इतिहासाला कोणी मापे विचारीत नाही.

तो पिवळ्या कापडाचा फलक मुळात दुसऱ्या, दुप्पट उंच इमारतीसाठी शिवलेला होता. त्यावरचा उमेदवार मान कलती करून भविष्याकडे पाहत होता. त्या कलण्यामुळे त्याचा कान स्वयंपाकघरावर, नाकपुडी झोपायच्या खोलीवर आणि तोंड बरोबर कामाच्या खोलीवर आले होते. खरी अडचण तिथेच होती. पत्नी रफूचे काम करी. तिने बुजवलेली फट मालकालाही सापडत नसे. पण धागा निवडताना ती कापड आणि धागा दोन्ही खिडकीत धरी. दिव्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "दिवा गोड बोलतो," ती म्हणे. "उन्हाला ते जमत नाही." घर तिच्या सुईवर चाले. प्रोफेसरांच्या पेन्शनवर त्यांची पुस्तके चालत.

प्रोफेसरांनी प्रचारप्रमुखाला फोन लावला.

"भोक, सर? दादांच्या तोंडाला?"

"खिडकीपुरतंच हो."

"माझ्या हातात असतं ना, तर आत्ता येऊन पाडलं असतं. पण समितीपुढे ठेवावं लागेल."

समितीत दोन गट होते. खिडकी हा माणसाचा हक्क असून भोक ताबडतोब पडले पाहिजे, असे एका गटाचे म्हणणे होते. वैचारिक पाया न घालता पाडलेले भोक शेवटी प्रतिगामी शक्तींच्याच पथ्यावर पडते, असे दुसऱ्याचे. तोडगा म्हणून चर्चासत्र भरवण्यात आले आणि अध्यक्षस्थानी, अर्थातच, प्रोफेसरांना बसवण्यात आले. ते सुंदर बोलले. इतके सुंदर, की आपण कशासाठी आलो होतो याचा त्यांना मध्येच विसर पडला. हातात पुष्पगुच्छ घेऊन ते घरी परतले. दारातून आत आल्यावर फुले नक्की कोणत्या रंगाची होती, ते त्यांना सांगता येईना.

"पडलं भोक?" पत्नीने विचारले.

"तत्त्वतः मान्य झालं."

पत्नीने पुष्पगुच्छ बादलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रचारप्रमुख स्वतःच आला, पण कात्री न आणता उमेदवाराचा राखाडी कोट घेऊन. कोणा समर्थकाने प्रेमाने ओढल्यामुळे कोपरावर फाटला होता. "काकू, दुपारच्या सभेला हवाय. दादांचा हा लकी कोट आहे."

"ह्या उजेडात? गच्चीची किल्ली तरी द्या. वर जाऊन धागा बघते."

"किल्ली समितीकडे आहे, काकू."

"अगं, राखाडी म्हणजे राखाडी," प्रोफेसर पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाले. "त्यात कसला आलाय विचार?"

कामाच्या खोलीत उमेदवाराच्या ओठांतून गाळून येणाऱ्या उजेडात ती बसली. पिवळ्या उजेडात सगळी रिळे भावंडांसारखी दिसत होती. एकामागून एक ती कोटावर ठेवून पाहत होती, आणि त्यांतले एक तर कोटात असे विरघळले की जणू त्याच मेंढीच्या पाठीवरचे. तिने रफू केले. मग कोपरावरून बोट फिरवून फट शोधली, तर तिची तिलाच सापडेना. तरीही कोट देताना तिचा हात जरा रेंगाळला.

सभा मोकळ्या मैदानावर होती आणि ऊन लखलखीत होते. पहिल्या रांगेतून प्रोफेसर डोळे अर्धवट मिटून ऐकत होते. तत्त्वांसाठी प्राण देण्याची शपथ घ्यायला उमेदवाराने हात उंचावला, आणि मैदान एकदम गप्प झाले. कोपरावर जांभळा ठिपका चमकत होता. जांभळा, म्हणजे समोरच्या पक्षाचा रंग.

"खूण आहे," प्रोफेसरांच्या मागे कोणीतरी पुटपुटले.

"चालला वाटतं तिकडे!"

"उगाच नाही हात एवढा वर केला."

दिवस मावळायच्या आत जांभळ्यांच्या अध्यक्षांचा फोन गेला : "खूण पोचली." उमेदवाराला खुणेतले ओ की ठो ठाऊक नव्हते, परंतु आपल्यावर टाकलेला एवढा विश्वास मोडणे त्याच्या स्वभावात बसेना. दुसऱ्या दिवशी तो जांभळ्यांच्या व्यासपीठावर होता. पिवळ्या पक्षाने त्याचा तीव्र निषेध केला. गट दोन असल्यामुळे निषेधही दोन निघाले, आणि दुसऱ्यात पहिल्याचा निषेध होता.

फलक मात्र जागचा हलला नाही.

"तो चेहरा आता आमचा नाही, सर," प्रचारप्रमुख म्हणाला. "त्याला हात लावणं तत्त्वात बसत नाही."

जांभळ्यांच्या कचेरीतून उत्तर आले, "चेहरा आमचाच आहे हो, पण कापड पिवळंय ना!"

इकडे गावभर झाले की कोपऱ्यावरची रफूवाली कपड्याचा पक्ष बदलते. दिलेली कामे लोक परत नेऊ लागले. टोपली रिकामी झाली. त्या मधाच्या खोलीत पत्नी मांडीवर हात ठेवून बसली होती. बुडालेल्या गावातल्या एखाद्या शांत मूर्तीसारखी.

"इतक्या वर्षांत मी कुणाला चुकीचा धागा लावला नव्हता," ती म्हणाली. तिने ते कोणाला उद्देशून म्हटले नाही, म्हणून प्रोफेसरांना ते अधिक लागले.

पक्षाच्या अधःपतनावर त्यांच्या मनात एक दीर्घ निबंध जुळत आला होता. तो त्यांनी तिथेच सोडला, पत्नीची मोठी कात्री उचलली, खिडकीतून वाकले आणि उमेदवाराचे तोंड एका ओठापासून दुसऱ्या ओठापर्यंत कापून काढले. ऊन धप्पकन जमिनीवर पडले. रिळे दचकून आपापल्या रंगात आली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खुद्द उमेदवार, हातावर कोट, आणि मागे काहीच घडले नसावे अशा चेहऱ्याचा प्रचारप्रमुख.

"ताई, हे जांभळं उसवून पुन्हा राखाडी करा. तिकडं मला मागच्या रांगेत बसवलं हो! मी आपला स्वगृही परत..." त्याची नजर खिडकीकडे गेली. "हे काय? माझं तोंड कुठंय?"

याच क्षणासाठी प्रोफेसरांनी आयुष्यभर वाचन केले होते. त्यांनी घसा साफ केला. पण पत्नीने कोट आधीच उन्हात धरला होता.

"रागावू नका, दादा," मान वर न करता ती म्हणाली. "तुमच्या तोंडातून आमच्या घरात काही आलं असेल, तर ते हे ऊन. तेही तोंड कापल्यावर."

उमेदवार विचारात पडला. प्रोफेसरांना, अनेक वर्षांनंतर, आशा वाटली.

"लिहून घे रे," उमेदवार प्रचारप्रमुखाला म्हणाला. "शेवटचं तेवढं गाळ. बाकी छान आहे."

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रोफेसरांना जाग आली, तेव्हा खोलीत पुन्हा मध भरला होता. नवा फलक लागला होता. आतून उलटी दिसणारी अक्षरे त्यांनी सावकाश लावली : 'आमच्या मुखातून तुमच्या घरात ऊन!' या खेपेस समितीने भोकही एकमताने मंजूर केले होते. काठ दुमडून नीट शिवलेले, गोल, देखणे भोक. फक्त ते दोन खिडक्यांच्या मधल्या कोऱ्या भिंतीवर आले होते.

प्रोफेसरांनी नुसता हात पुढे केला.

पत्नीने त्यावर कात्री ठेवली. मग क्षणभर थांबून गळ्यातली टेपही काढून दिली.

"या वेळी आधी माप घ्या," ती म्हणाली.