भालेराव आप्पांची टिंबांची वही

माझ्या लग्नाची पत्रिका भालेराव आप्पांनी मला परत आणून दिली होती. यायचं नव्हतं म्हणून नव्हे. ते लग्नाला आले, पुढच्या पंगतीला बसले आणि जिलेबीही तीनदा घेतली. पत्रिका परत केली ती तिची चौकट उजव्या बाजूला जरा जाड छापली गेली होती म्हणून. तिथं लाल पेनानं गोल केलेला, शेजारी ‘रिजेक्ट’, खाली सही आणि तारीख. माझे वडील ती पत्रिका हातात घेऊन त्यांच्या घरावर चालून निघाले होते. आईनं चप्पल लपवली म्हणून थांबले.

मला आप्पांचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. थोडाथोडका नाही. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी त्यांच्यासोबत अकरा वर्षं काढली. मी मशीनवर पार्ट बनवायचो आणि ते फायनल इन्स्पेक्शनला बसून फेकायचे. पार्ट उचलायचा, उजेडात धरायचा, डावी भुवई वर, की पार्ट लाल क्रेटमध्ये. “आप्पा, एवढं चालतंय की,” म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, “चालतंय म्हंजी चालत न्हाई, संतोष.” हे वाक्य ऐकलं की अजून माझे दात आवळले जातात.

आप्पा रिटायर झाले तेव्हा आम्ही मशीनवाल्यांनी पेढे वाटले. माझा आनंद मात्र कारेगावच्या स्टँडपर्यंतच टिकला, कारण आमच्या दोघांच्या घरांची भिंत एकच आहे. कारखाना त्यांच्या तावडीतून सुटला आणि गल्ली सापडली. विहारातल्या फळ्यावरची सूचना ते पुसून पुन्हा लिहितात, कारण ओळ वर चढलेली असते. रांगोळीचा एक ठिपका सरकला म्हणून सकाळी सातला आमची बेल वाजवतात. निरोपाच्या दिवशी लोक घड्याळ मागतात, शाल मागतात. या माणसानं लाल क्रेट मागितली. ती घरात कपाटाशेजारी ठेवलीय. वाकडा चमचा, कान उडालेला कप, शिवण उसवलेली उशी, सगळं त्यात जातं. आक्का, म्हणजे आप्पांच्या मंडळी, त्यातल्या वस्तू हळूच काढून पुन्हा वापरायला घेत. त्यांच्या चहाच्या कपाला मी कधी कान पाहिला नाही.

दिवाळीनंतर आक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं, पण उजवा हात-पाय लुळा पडला आणि जीभ जड झाली. मुलगा दौंडला रेल्वेत, सुट्टी मिळेल तेव्हा येणार. मग दर पंधरा दिवसांनी शिरूरला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेण्याचं काम माझ्याकडं आलं. गाडी माझी होती आणि आक्कांनी मला अकरा वर्षं डब्यात मेथीची भाजी पाठवलेली होती.

डॉक्टरीणबाई तरुण आणि चटपटीत. त्यांनी पाच कामं ठरवून दिली. भिंत धरून चालणं, रबरी चेंडू दाबणं, तांदूळ निवडणं, दहा वस्तूंची नावं सांगणं आणि घरच्या माणसांची नावं सांगणं. “हे सगळं रोज टिपायचं, आप्पा. त्यावरून मी पुढचा व्यायाम देणार,” असं म्हणून त्यांनी स्वतःची वही उघडून दाखवली. “हे बघा, टिंब म्हणजे करायचं काम. झालं की त्यावर फुली. नाही जमलं तर बाण काढायचा, म्हणजे उद्यावर ढकललं. बुलेट जर्नल म्हणतात याला. लोक मोबाईलवर फुलं-वेली काढलेल्या वह्या दाखवतात, तिकडं लक्ष देऊ नका. वही सुंदर नको, रोजची हवी. खाडाखोड झाली तरी चालतंय.”

मी आप्पांकडं पाहिलं. डावी भुवई वर गेली होती.

वही घ्यायलाच चार दिवस गेले. शिरूरच्या दुकानदारानं अकरा वह्या दाखवल्या आणि बाराव्या वेळी शटर ओढायला घेतलं. मग सुरुवात कधी करायची? बुधवारी कशी करणार, सोमवार हवा. सोमवार आला तर महिना अर्धा झालेला. शेवटी माझ्या बायकोनं, “तोवर आक्का पळायला लागतील की हो आप्पा,” असं म्हटलं तेव्हा कुठं पहिलं पान उघडलं. टिंबं सारखी यावीत म्हणून ते व्हर्निअरनं मोजून काढत. व्हर्निअर! कारखान्यात शाफ्टची जाडी मोजायचं ते यंत्र. वहीत अनुक्रमणिका, तीन रंगांच्या खुणा, वर प्लॅस्टिकचं कव्हर. आणि रोज सकाळी भिंतीपलीकडून पान फाडल्याचा आवाज.

पंधरा दिवसांनी शिरूरला गेलो तर वहीत अनुक्रमणिका होती, बाकी काही नाही.

“शाई फुटली, म्याडम. फेअर करून आनतो,” आप्पा म्हणाले.

त्याच्या पुढच्या खेपेला, “रेघ हालली.”

आता डॉक्टरीणबाईंचाही आवाज चढला. “मी अंदाजानं व्यायाम वाढवू का? उद्या त्या पडल्या म्हणजे? वही येत नाही तोवर जुनंच चालू ठेवा.” म्हणजे एक महिना फुकट. बाईला पुढचं पाऊल टाकायचंय आणि नवरा टिंब गोल झालं नाही म्हणून अडवून बसलाय. येताना गाडीत तोंड उघडलं असतं तर मी आप्पांना रस्त्यातच उतरवलं असतं. आक्का मागच्या सीटवर उजवा हात डाव्या हातात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडं आरशातून बघायचीही मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दाढी करत होतो आणि भिंतीपलीकडून पुन्हा तो आवाज आला. टर्रकन. माझं डोकंच फिरलं. अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन मी आप्पांच्या घरात घुसलो.

“ती वही इकडं द्या, आप्पा! मी लिहितो. माझं अक्षर घाण आहे, पण निदान आक्का चालायला तरी लागतील!”

“त्ये पान बिघडलं हुतं, संतोष. डाग…”

“कुठाय डाग? दाखवा!” त्यांनी वही पाठीमागं लपवली. मग मी लाल क्रेट उचलली आणि फरशीवर पालथी केली. चमचे, कप आणि खाली फाडलेली पानं, विसेक तरी असतील. एकेक उचलून मी उजेडात धरलं. शेवटी अकरा वर्षं त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

कुठंच डाग नव्हता. रेघ हललेली नव्हती. टिंबं छापल्यासारखी. पावलं, दिवसागणिक वाढणारी, फुली. चेंडू, फुली. तांदूळ, फुली. वस्तू, फुली. माणसांची नावं: मुलगा, फुली. सून, फुली. नात, फुली. शेजारचा संतोष, फुली. त्याखाली एक टिंब, ‘नवऱ्याचं नाव’. पुढं बाण. प्रत्येक पानावर त्या ओळीला बाण. एका पानावर तो इतका दाबून काढला होता की कागद फाटला होता.

आप्पा खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, “तिला समद्यांची नावं येत्यात. तुझं बी येतं. माझं यीना. रोज इचारतो, तर नुसती बघत ऱ्हाते. आसं पान म्याडमला कसं दावू? लिवून ठिवलं म्हंजी खरं झालं.”

तोंडात आलेल्या सगळ्या शिव्या मला गिळाव्या लागल्या. सव्वीस वर्षं लोकांच्या चुका शोधणारा हा माणूस महिनाभर एकटाच हे बघत होता आणि आम्हाला शाईची कारणं सांगत होता. मला त्याचाही रागच आला. शेजारी काय मेला होता का? मला सांगता आलं नसतं?

तेवढ्यात ताट आपटल्याचा आवाज झाला. कोपऱ्यात खुर्चीवर तांदूळ निवडत बसलेल्या आक्का लालबुंद झाल्या होत्या.

“अवो… डोस्कं फिरलंय का… तुमचं?” शब्द तुटत होते, पण थांबत नव्हते. “चाळीस वर्सांत… कवा घेतलं का मी नाव? लग्नात घेतलं… उखान्यात… त्ये बी नणंदांनी… दार अडीवलं म्हून. आता त्या पोरीच्या… वहीसाटी घिऊ व्हय?”

“आगं, मग तसं सांगायचं!”

“तुमी इचारलं का तसं? नुसतं नाव सांग, नाव सांग… पोलिसावानी!”

झटक्यानंतर इतकं लांब त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. आप्पा उठले, पुन्हा बसले. मग अगदी बारीक आवाजात, कारखान्यात कोणी कधी ऐकला नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, “म्हंजी… ध्यानात हाय तुझ्या?”

“न्हाई तर कुनाच्या… घरात ऱ्हाते मी?”

“मग एकदा…”

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. “आधी ह्यो संतोष… जाऊ द्या. आन् ती वही मिटा.”

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. घरी येऊन बायकोला विचारलं, तू माझं नाव घेतेस का? ती म्हणाली, दिवसभर घेते, पुढं काय काय जोडून घेते ते विचारू नका.

पंधरा दिवसांनी आप्पांनी डॉक्टरीणबाईंसमोर वही ठेवली. फाडलेली सगळी पानं डिंकानं पुन्हा चिकटवली होती, काही तिरकी, काही बाहेर आलेली. बाई भराभर पानं उलटत गेल्या. पावलं मोजली, खूश झाल्या आणि उद्यापासून एक पायरी चढायला सांगितली. मग शेवटच्या पानांवर त्यांचं बोट अडलं.

“नवऱ्याचं नाव. आधी सगळीकडं बाण आहे, पण गेल्या पंधरा दिवसांत फुलीही नाही आणि बाणही नाही. रोज रिकामंच. भरायचं विसरलात का आप्पा?”

आप्पांची कानशिलं लाल झालेली मला शेजारून दिसत होती. ते खाली बघत म्हणाले, “त्ये वहीत न्हाई लिवायचं, म्याडम.”

मागं आक्कांनी उजव्या हातानं, त्या लुळ्या हातानं, हळूहळू पदर वर आणून तोंडाला लावला.