पहिल्या लाळेचा मान

प्राचार्य धोंडीराम घाडगे यांनी केबिनचं दार आतून लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि 'तंबाखूमुक्त परिसर' या पाटीकडं पाठ करून तळहातावर तंबाखू मळायला घेतली. लक्ष सगळं दाराकडं, त्यामुळं चुना जरा जास्तच पडला. पडू दे म्हणाले. दिवसच तसला होता. तपासणी समितीचे बिराजदार साहेब यायचे होते, बायोकेमिस्ट्रीची नवी लॅब बघायची होती आणि जाताना कॉलेजला तंबाखूमुक्तीचं प्रमाणपत्र द्यायचं होतं. एवढा ताण बिनतंबाखूचा माणूस सोसणार कसा?

चिमूट खालच्या ओठामागं सरकली. सरांना जरा बरं वाटलं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"सर, साहेब आले! गाडी गेटातनं आत आली की!"

सर दचकले. अजून तासभर अवकाश होता. थुंकायचं कुठं? खिडकीखाली मुली रांगोळी काढत बसलेल्या. केबिनमधलं बेसिन सरांनीच गेल्या महिन्यात उखडून टाकलं होतं, कुणीतरी त्यात पिचकारी मारली म्हणून. कचऱ्याचा डबा? 'डबा दिसला की माणूस थुंकतो' असं भाषण ठोकून तोही सरांनीच हलवला होता. आपण किती कडक शिस्तीचा माणूस आहोत, हे सरांना आज पहिल्यांदा कळलं.

बरं, प्रश्न नुसता प्रमाणपत्राचा नव्हता. त्यांची लेक अंकिता याच कॉलेजात, आज लॅबमध्ये प्रयोग बघणाऱ्या वर्गात होती. आणि घरात विजयमालाबाईंनी सिद्धेश्वराची शपथ घालून बजावलेलं होतं, "परत तोंडात दिसली ना, तर अकलूजहून दादाला बोलावून घेईन. मग तुमी हाय आन् तो हाय." दादा म्हणजे बाईंचा भाऊ, अंकिताचा मामा. पूर्वी कुस्ती खेळायचा. आता खेळत नव्हता, पण पकड विसरला नव्हता.

सरांनी ओठ घट्ट मिटला, हनुवटी वर केली आणि दार उघडलं.

बिराजदार साहेब मोठे भारदस्त निघाले. बोलणं जवळजवळ नाहीच.

"हूं," साहेब म्हणाले.

"हूं हूं," सर म्हणाले आणि हात जोडले.

सोलापुरी चादर साहेबांच्या खांद्यावर पडली. उन्हाळ्याच्या तोंडावर जाडजूड चादर अंगावर घेऊनही साहेबांची हनुवटी ताठ. पेढे आले. साहेबांनी पेढा हातात धरला, तोंडात घातला नाही. सरांनीही धरला, घातला नाही. दोघं पेढे हातात घेऊन एकमेकांकडं बघत उभे राहिले. काय संयम आहे माणसाचा, सरांना वाटलं. असल्या माणसाच्या नजरेतनं काय सुटणार?

लॅबमध्ये पोरं दाटीवाटीनं उभी होती. पुढच्या ओळीत अंकिता. तिच्या शेजारी शिवराज, ज्याला सरांनी खिशात गुटख्याची पुडी सापडली म्हणून आठवडाभर वर्गाबाहेर ठेवलं होतं. तो आज फार लक्ष देऊन बघत होता.

ऋतुजा मॅडम नव्याच लागल्या होत्या. त्यांनी रात्री जागून तयारी केलेली.

"आपण खातो ते अंगी लागतं कसं, हे आज बघायचंय," त्या म्हणाल्या. "ही मंगळवेढ्याची ज्वारी. पीठ धुऊन तिचं सत्त्व काढलंय, उकळून गार केलंय. हे सत्त्व म्हणजे साखरेच्याच कणांची लांबलचक माळ. एवढी लांब की शरीराला गिळता येते, वापरता येत नाही. मग ती तोडतं कोण? आपल्या लाळेतलं एन्झाइम. एन्झाइम म्हणजे काय? अडकित्ता! सुपारीमागं सुपारी फोडतो, स्वतः मात्र तसाच्या तसा राहतो."

सुपारीचं नाव निघताच सर आणि साहेब दोघांनीही खाली बघितलं.

"आता यात लाळ घालायची, थोडा वेळ कोमट ठेवायचं. मग हे निळं औषध टाकून तापवायचं. साखर झाली असेल तर निळ्याचं नारिंगी होतं. फीत कापण्यापेक्षा आपण प्रयोगानंच उद्घाटन करू. पहिल्या लाळेचा मान कुणाचा?"

आपल्याकडं मान म्हटलं की कुणी सरळ घेत नाही. नारळ असो, फीत असो, जेवणाचं पहिलं ताट असो, आधी दोघांनी एकमेकांना ढकलाढकली करायची, मग मोठ्यानं घ्यायचा. सरांनी लगेच दोन्ही हात साहेबांकडं केले. साहेबांनी दोन्ही हात सरांकडं केले. सरांनी मान हलवली. साहेबांनी जास्त जोरात हलवली. पोरांना वाटलं, काय विनय आहे!

"पाहुण्यांचा मान," सर ओठ न हलवता म्हणाले.

"यजमानांचा," साहेब दातांतनं म्हणाले.

"सर," ऋतुजा मॅडम हसून म्हणाल्या, "तुमचंच वाक्य आहे ना, नवीन काहीही स्वतःपासून सुरू करायचं?"

"पप्पा, द्या की!" अंकिता म्हणाली. "लाजताय काय?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब तर सगळ्यांत जोरात.

मॅडमनी हातात पाण्याचा पेला दिला. "आधी चूळ भरा, सर."

चूळ! चूळ भरली की ती टाकावी लागते, आणि टाकली की तिचा रंग दिसतो. सरांनी मनातल्या मनात सिद्धेश्वराला हात जोडले, तोंडात पाणी घेतलं आणि पाणी, चुना, तंबाखू सगळं एका घोटात गिळून टाकलं.

"सर, गिळायची नव्हती."

"पाणी वाया घालवू नये," सर म्हणाले. कितीतरी वेळानं त्यांना तोंड उघडून बोलता आलं होतं. पण आता आतनं काहीतरी वर येऊ बघत होतं. त्यांनी कशीबशी चंचुपात्रात लाळ सोडली.

मॅडमनी पात्र उजेडात धरलं. "पिवळसर दिसतीय."

"चहा घेतला होता. उच्च्क!"

सरांना उचकी लागली. कपाळावर घाम आला. लॅब हळूहळू गोल फिरायला लागली होती, पण टेबल धरून उभं राहिलं की तिचा वेग कमी होत होता.

परीक्षानळी कोमट पाण्यात ठेवली. थोड्या वेळानं निळं औषध पडलं, नळी बर्नरवर धरली. सगळे वाकून बघायला लागले. नळी तापली. उकळायला आली. रंग निळा. मॅडमनी आणखी तापवली. निळा तो निळाच.

"झालं का न्हाय?" मागनं कुणीतरी विचारलं.

मॅडमचा चेहरा पडला. साहेबांसमोर पहिलाच प्रयोग, आणि हे असं. त्यांनी घाईघाईनं स्वतः चूळ भरली, स्वतःची लाळ दुसऱ्या नळीत घातली, तेच ज्वारीचं पाणी, तेवढाच वेळ, तेच औषध. ती नळी तापली आणि बघता बघता हिरवी, पिवळी, नारिंगी झाली. पोरं ओरडली.

"म्हणजे औषध बरोबर आहे, ज्वारी बरोबर आहे," मॅडम पुटपुटल्या. मग हळूच सरांकडं वळल्या. "सर... तुमच्या लाळेत अडकित्ता चालतच नाहीये."

"पप्पांना काय झालंय?" अंकिता घाबरली. "घाम बघा केवढा आलाय! थांबा, मी आईला फोन लावते."

"न्हाय! उच्च्क! आईला न्हाय!"

शिवराज मोठ्या गंभीरपणे पुढं आला. "मॅडम, अडकित्ता कशानं बंद पडतो ओ?"

"उकळत्या पाण्यानं पडतो. फार आंबट झालं तरी पडतो. नाहीतर..." मॅडम थांबल्या, त्यांचे डोळे चमकले. "नाहीतर उलटं, कडक अल्कली असलं तर. सोडा, चुना वगैरे."

"चुना!" शिवराज म्हणाला. एवढा आनंद त्याला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

"सोपं आहे तपासायला." मॅडमनी ड्रॉवरमधनं लिटमसचा लाल कागद काढला. "सर, जीभ बाहेर काढा. चुना असेल तर कागद निळा होईल, नसेल तर आपण तडक डॉक्टरांकडं जाऊ."

लाल कागद जवळ यायला लागला. सरांना त्याच्यामागं अकलूजचा दादा दिसायला लागला. अंकिताच्या फोनची रिंग जात होती. माणूस बुडायला लागला की शेवाळ्यालाही धरतो, तसं सरांनी समोरच्या चादरीला धरलं.

"थांबा!" ते गरजले. "एका नमुन्यावरनं निष्कर्ष काढतात का? उच्च्क! विज्ञान शिकवताय का भविष्य सांगताय? माझ्या वयाच्या दुसऱ्या माणसाची लाळ घ्या! साहेबांची घ्या! आता मान पाहुण्यांचाच!"

"व्हय व्हय! साहेब! साहेब!" पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला.

साहेब एक पाऊल मागं सरले. मागं भिंत होती. "इल्ल इल्ल," ते ओठ मिटून म्हणाले. घाबरले की त्यांना 'नाही'सुद्धा अक्कलकोटच्या कन्नडमधनं आठवायचं. मॅडमनी त्यांच्या हातात पेला दिला. साहेबांनी खिडकीकडं बघितलं, दाराकडं बघितलं, सिंककडं बघितलं. सगळीकडं पोरं. शेवटी त्यांनी डोळे मिटले, चूळ भरली आणि गटकन गिळली.

सरांची उचकी एकदम थांबली. हा गटकन आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"उच्च्क!" आता साहेबांना लागली.

साहेबांची लाळ घातलेली तिसरी नळी तापायला ठेवली. नळी उकळली. निळी. सुंदर, गडद निळी.

सरांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी सरांकडं बघितलं. सकाळपासून न खाल्लेला पेढा साहेबांनी आत्ता खिशातनं काढून सावकाश तोंडात घातला.

ऋतुजा मॅडमनी दोन निळ्या नळ्या बघितल्या, दोन घामेजलेले चेहरे बघितले, आणि लिटमसचा कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. पोरगी हुशार होती.

"मॅडम," शिवराजनं विचारलं, "निष्कर्ष काय लिहायचा? पद वाढलं की लाळ काम करीत न्हाय, असं लिहू का?"

"निष्कर्ष," साहेब चादर सावरत म्हणाले, "प्रयोगशाळा उत्तम. शिस्त उत्तम. उच्च्क! बाकी अभ्यासक्रमात नाही."

केबिनमध्ये प्रमाणपत्रावर सही झाली. दार आतनं लावलेलं होतं. सही करता करता साहेब हळूच म्हणाले, "घाडगे सर, चुना कुठला हो तुमचा? माझ्यानं जीभ फार भाजते बघा." सरांनी डबी पुढं केली.

संध्याकाळी सर घरी आले ते प्रमाणपत्र छातीशी धरून. अंकिता आधीच आली होती. विजयमालाबाईंनी काही विचारलं नाही, उलट हसून ताट वाढलं. ताटात फक्त भाकरी.

"कालवण?" सरांनी विचारलं.

"आधी नुसती भाकरी खावा. अंकी सांगत होती, तुमच्या लाळेत कायतरी बिघाड हाय म्हणं. चांगली लाळ असली की भाकरी चावता चावता गोड लागती. जीव टांगणीला लागलाय माझा. बघू, चावा."

सरांनी घास तोंडात घातला. भाजलेल्या जिभेला चव कसली कळणार? पण उत्तर काय द्यायचं, ते आता पाठ झालेलं होतं. त्यांनी डोळे मिटून, मान डोलवत घास चावला.

"अहाहा! गोड! लई गोड!"

"नक्की?"

"साखर, साखर हाय नुसती! माझी लाळ एकदम ठणठणीत हाय."

विजयमालाबाई उठल्या. पदराला हात पुसत त्यांनी स्वयंपाकघरातनं मिठाची बरणी आणली आणि सरांच्या ताटाशेजारी ठेवली. बरणी रिकामी होती; सगळं मीठ भाकरीच्या पिठात गेलं होतं.

"अंके," त्या शांतपणे म्हणाल्या, "लाव मामाला फोन."