धुडकूआप्पांची बोट

धुडकूआप्पा रोज संध्याकाळी झोक्यावर बसून भात जेवायचे, आणि त्यांच्या पत्नी तापीबाई मधूनमधून त्यांच्या तोंडावर तांब्यातलं पाणी मारायच्या.

सत्तावन्न साली मी नंदुरबारच्या शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झालो आणि आप्पांच्या समोरच्या घरात खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी खिडकीतून हा प्रकार दिसला. अंगणात भलामोठा कडुनिंब, त्याला झोका, आणि झोक्याच्या फळीवर साठीकडे झुकलेला एक धिप्पाड माणूस घोड्यावर बसावं तसा, दोरीकडे तोंड करून बसलेला. हातात ताटली. एक ठेंगणी बाई झोका ढकलत होती. पाच-सहा हेलकावे झाले की ती शांतपणे तांब्यात हात बुडवायची आणि सपकन पाणी मारायची. तो माणूस तोंडसुद्धा न पुसता पुढचा घास घ्यायचा. नवरा-बायकोचं भांडण चाललं असेल म्हणून मी खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही, जाऊन विचारलं.

"मास्तर, हाऊ झोका नही," आप्पा मिशीतलं वरण निपटत म्हणाले. "हाई बोट शे. आम्ही सिलोनले जाई ऱ्हायनूत."

"आणि पाणी?"

"लाटा," तापीबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

आप्पा मिरची बाजारात मापाडी होते. तीस-पस्तीस वर्षं काट्यापुढे उभं राहून त्यांचा हातच काटा झाला होता. पोतं जरा उचलून बघायचे आणि वजन सांगायचे, ते सहसा चुकायचं नाही. माप मोजताना एकाला 'लाभ' म्हणायची मापाड्यांची रीत. ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जिना चढतानाही ते 'लाभ, दोन, तीन' असं मोजत चढायचे. एकदा मी त्यांना मुलं किती, असं सहज विचारून बसलो. "मोजाले काही नही, मास्तर," ते म्हणाले आणि माझ्या पिशवीतल्या वांग्यांचं वजन सांगू लागले.

सिलोन त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, याचं उत्तर ते एकच द्यायचे. बाजारातल्या हॉटेलात रेडिओ आला होता आणि त्यावरची गाणी थेट सिलोनहून येतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "आवाज अठलोंग येस, मंग मानूस तठलोंग कसा नही जाई?" असा त्यांचा सवाल असे.

मुक्काम सव्वातीन महिन्यांचा ठरला होता. इतक्या लांब जाऊन आठ दिवसांत परतणं त्यांना शुद्ध उधळपट्टी वाटायची. "भाडं तितलंच लागस," ते म्हणायचे, "मंग जास्ती दिन ऱ्हायनं ते सस्त पडस." राहायचं धर्मशाळेत. तिकडे धर्मशाळा असते का, हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. खायचं सगळं घरून न्यायचं, फक्त तिकडे भाकरी मिळणार नाही, भातच मिळेल, म्हणून भाताची सवय करायची. आता खानदेशी माणसाला भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण. झोक्यावरचा भात संपला की आप्पा गुपचूप स्वयंपाकघरात जायचे आणि ठेचा-भाकरीवर खरं जेवण उरकायचे. भाषेची त्यांना बिलकूल चिंता नव्हती. "काटा काय बोलस ते बठ्ठासले समजस," ते म्हणायचे.

मी रत्नागिरीकडचा. बोट लागलेला असा गल्लीतला मी एकटाच, त्यामुळे माझा भाव वधारला. उलटी व्हायच्या आधी डोळ्यांना काय दिसतं, लिंबू नाकाशी धरायचं की तोंडात, बोटीच्या कुठल्या अंगाला बसायचं, याची आप्पा खोदून खोदून चौकशी करायचे. मी नकाशा घेऊन गेलो. नंदुरबारहून भुसावळ, तिथून मद्रास, मग धनुष्कोडी, आणि तिथून पुढे समुद्र. तीन दिवसांच्या प्रवासात समुद्र जेमतेम दोन-तीन तासांचा, हे मी अगदी विद्वत्तेच्या सुरात सांगितलं. आप्पांनी नकाशावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मंग बाकीना दोन-तीन दिन?"

"आगगाडी."

मला वाटलं, आता हा झोका सुटला. दुसऱ्या दिवशी बघतो तर झोका होताच, पाणीही होतं, शिवाय तापीबाई मधूनच चुलीतली राख चिमटीने त्यांच्या डोक्यावर भुरभुरत होत्या. इंजिनाचा धूर! आप्पा डोळे चोळत भात खात होते. मी हसलो तर म्हणाले, "घाई नही, मास्तर. तयारी पक्की जोयजे."

हे त्यांचं पालुपद. पहिल्या वर्षी मिरचीचा हंगाम लांबला, तेव्हा ते हेच म्हणाले. दुसऱ्या वर्षी तापीबाईंचे गुडघे धरले, तेव्हाही हेच. तिसऱ्या वर्षी तर सरकारनेच घात केला. मण-शेर गेले आणि किलो आले. आप्पांनी सगळ्या सामानाचं वजन शेरात काढलं होतं. "आते पहिलापाईन मोजनं पडी," असं जाहीर करून त्यांनी बांधलेली गाठोडी पुन्हा सोडली. पाच किलोचं नवं वजन तळहातावर ठेवून, डोळे मिटून ते आठ दिवस अंगणात उभे असायचे. हाताला ओळख करून देत होते म्हणे.

खरी धामधूम चैत्र-वैशाखात. दोन माणसांना सव्वातीन महिने पुरतील इतके उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, शेवया, मुगाचे सांडगे. एकट्या बाईचं हे काम नव्हे. गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आप्पांच्या अंगणात जमायच्या. मुसळाने पीठ कुटणं, खाटांवर धोतरं पसरून बिबड्या घालणं, आणि पापडाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाणं. त्यातच आखाजी यायची. बाकीचा महाराष्ट्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि आमरस खाऊन दुपारी झोपतो, ती खानदेशात लेकींची असते. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आप्पांच्या अंगणात झोका तयारच होता आणि त्यांच्या आयाही तिथेच पापड लाटत बसलेल्या. मग पोरी दुसरीकडे कशाला जातील? "बोट रिकामी शे का, आप्पा?" असं ओरडत त्या यायच्या आणि आप्पा भाताची ताटली घेऊन मुकाट बाजूला व्हायचे.

इथे एक सांगायला हवं. आप्पांना मूलबाळ नव्हतं. बारशाचं, डोहाळजेवणाचं, हळदीचं बोलावणं गल्लीत फिरायचं ते तापीबाईंचं दार सोडून. कोणी वावगं बोलत नसे, फक्त बोलवत नसे. सिलोनच्या पापडांना मात्र कसलंच शास्त्र आड येत नव्हतं. त्या दिवसांत तापीबाईंचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. एरवी वर्षभर मी तो फारसा ऐकला नाही.

पोरी सासरी निघाल्या की आप्पा प्रत्येकीच्या हातात पापडांचं एक गाठोडं द्यायचे. माया वगैरे काही नाही, निव्वळ तपासणी! "दुसरा गावना हवामा टिकतस का, देखा. आन तुन्ही जिजीले कागद धाडा." तापीबाईंना सगळ्या जिजी म्हणायच्या. मग ज्येष्ठ-आषाढात शहाद्याहून, म्हसावदहून, कुठून कुठून पोस्टकार्डं यायची. तापीबाईंना वाचता येत नसे, म्हणून वाचनाचं काम माझ्याकडे. शास्त्रीय दृष्टीने ही पत्रं अगदीच निरुपयोगी होती. पापडाबद्दल अवाक्षर नाही. सासू बोलत नाही, म्हैस व्याली, पोराला दात आला, जिजी तुमची आठवण येते. मी आप्पांकडे तक्रार केली की अशाने तपासणी कशी पुरी होणार? त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "ते पत्र आजून एक डाव वाचा बरं."

चौथ्या वर्षी माझ्या बदलीची बोलणी सुरू झाली आणि माझ्यातला परोपकारी माणूस जागा झाला. तीन उन्हाळे मी सिलोनचे पापड तळून खाल्ले होते. जाण्याआधी या भल्या माणसाला बोटीत बसवायचंच, असं मी मनाशी ठरवलं. माझा चुलतभाऊ मद्रासला नोकरीला होता. त्याला चार-पाच पत्रं घालून मी परवान्याचे कागद मागवले, गाड्यांच्या वेळा लिहून घेतल्या, तिकडची एक स्वस्त धर्मशाळासुद्धा शोधली. कागदांवर आप्पांची सही आणि दोघांचे फोटो तेवढे राहिले. आप्पांना चकित करायचं म्हणून कुठे चकार शब्द काढला नव्हता.

कागद हाती आले त्या दिवशी अंगणात पंधरा-वीस लाटणी फिरत होती. मी मधोमध उभा राहिलो आणि वर्गात सांगावं तसं खणखणीत आवाजात सांगितलं, "आप्पा, सगळं झालं! हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं!"

बायांनी एकच गलका केला. कोणी म्हणाली लंकेहून सोनं आणा, कोणी म्हणाली रावणाला सांभाळून असा. तापीबाईंचं लाटणं थांबलं होतं. आप्पा कागदांकडे असे बघत होते, जणू ते वजन त्यांच्या हाताला उचलत नव्हतं. "वा, मास्तर," ते इतकंच म्हणाले. मला वाटलं, आनंदाने गहिवरलेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शाळेत आले. या माणसाला मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. मैदानाच्या कडेला लिंबाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "मास्तर, कसं बी करा, पन हाई बोट बुडाडा."

मला काहीच उमजेना. बोट बुडवा? चार वर्षं भात खाऊन?

"आखाजी महिनावर शे," ते म्हणाले. "आम्ही गयूत ते आंगनमा कोन येई? आवंदा नही उन्यात ते पुढला साल बी कोनी येवाव नही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिले आखाजीना दिन ती दार लाईसन बशे. गल्लीमा गाना चालेत आन ती मझार घरमा ज्वारी निवडे. निवडेल ज्वारी परत निवडे. लगीन नही, बारसं नही. कोनले काय सांगीसन बलावाव, मास्तर? मंग मी सिलोन काढं."

मी भूगोल शिकवत होतो आणि चार वर्षं समोरचं अंगण मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची शरम वाटली, अजूनही वाटते.

संध्याकाळी मी पुन्हा त्या अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. बोट बुडवायची तर भोकही आपणच पाडलं पाहिजे. मी सांगितलं की माझ्या हातून घोटाळा झाला, अर्जात सिलोनच्या जागी मी अंदमान लिहिलं, सगळे कागद रद्द. त्यावर जो हशा उसळला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "मास्तर, आमना आप्पाले काळापानीले धाडी ऱ्हायन्थात का?" एका बाईने विचारलं. भूगोलाच्या मास्तरला सिलोन आणि अंदमान यातला फरक कळत नाही, ही बातमी आठवड्याच्या आत हेडमास्तरांपर्यंत पोचली. पोरांनी फळ्यावर होडी काढून त्यात मला बसवलं. आप्पा सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुढला साल जासूत. घाई नही."

त्या वर्षीची आखाजी जोरात झाली. पोरींनी रिवाजाप्रमाणे बोट ताब्यात घेतली आणि जाताना गाठोडी नेली. ज्येष्ठात माझी बदली कागदावर आली. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तापीबाईंनी दोन पोस्टकार्डं वाचायला बोलावलं. आप्पा अजून बाजारातून आले नव्हते. मी वाचली, त्यांनी सांगितलं म्हणून पुन्हा वाचली. मग त्यांनी माझ्यापुढे पापडांचं एक गाठोडं ठेवलं.

"तपासणीसाठी?" मी विचारलं.

"नही. मास्तर, तुम्ही चुकनात नही, माले ठाऊक शे," त्या म्हणाल्या. मी काही बोलणार तोच त्यांनी हाताने थांबवलं. "त्यासले पानीनं भ्याव शे. प्रकाश्याले जत्रामा गयात तरी नदीमा उतरतस नही, काठवर बशीसन आंगवर तांब्या ओततस. असा मानूस सिलोनले जाई का? माले पहिला दिनपाईन समजेल शे, बोट कोनसाठे शे ते."

"मग त्यांना कधी सांगितलं नाही?"

"कसाले? मी भोयी शे, माले काही समजस नही, आसं त्यासले वाटस. वाटू द्या." पोस्टकार्डं त्यांनी पदराने पुसली आणि देवाच्या कोनाड्यात, आधीच्या गठ्ठ्यावर ठेवली.

बाहेर पायरीवर आप्पांचा आवाज आला. लाभ, दोन, तीन. तापीबाई उठल्या, माठातून तांब्या भरून घेतला.

"चाला, वखत व्हई गया," त्या म्हणाल्या. "लाटा करन्या शेत."