मोसंबीवरचा गोधड्या

घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातल्या सगळ्या गोधड्या धुतात. यंदा अकरा निघाल्या. दोरी पहिल्याच गोधडीने तुटली, म्हणून मी मागच्या मोसंबीच्या झाडांवर एकेक पसरून दिली. (त्या दिवशी बागेत कुणी पाऊल टाकायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं. पण ड्रोन दुपारी येणार होता. तोवर मी गोधड्या उचलणारच होते.)

ड्रोन सकाळीच आला. हसनाबादच्या प्रीतीताई तो उडवतात. झाडाचा आजार आपल्या डोळ्यांना दिसण्याआधीच त्याला वरून कळतो. नकाशात निरोगी झाड हिरवं, आजारी झाड लाल. आवाज ऐकून मी गोधड्या उचलायला धावले आणि त्याच्याकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांच्या मोबाईलवर नकाशा आला. सगळी बाग हिरवीगार. मागे मात्र अकरा झाडं लाल आणि त्यांच्यामध्ये एक बारीक लाल ठिपका. बाबा अर्धा चहा टाकून उठले. बरोबर शेजारचे अप्पारावकाका. (त्यांनी न पाहिलेला रोग अजून जन्मायचा आहे.) दोघांनी पानन् पान उलटून पाहिलं, काहीच सापडलं नाही. त्यामुळे बाबा जास्तच घाबरले. अंगणात नुसत्या येरझाऱ्या. शेवटी ठरलं, बाकीची बाग वाचवायची तर सकाळी जेसीबीने ही अकरा झाडं उपटायची. बारा वर्षांची झाडं.

आता बोलणं भाग होतं. (वर्गात मी म्हटलेलं 'हजर' फक्त मलाच ऐकू येतं. माझ्या निम्म्या गैरहजेऱ्या त्यातल्याच आहेत.) तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा सगळं वाक्य जुळवून नेलं, पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडला.

"गोधड्या."

बाबा थबकले. "गोधड्या? डिंक्या रोगाच्या पुढला हाये का काय?"

"लई खराब," काका म्हणाले. "मागं धावड्याला आल्ता. बागाच्या बागा गेल्या."

शाळेत शिकवलं का, असं बाबांनी विचारलं. मी मान हलवली. (नाही अशी हलवली होती. त्यांनी हो अशी धरली.) त्यांनी लगेच औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, गोधड्यावर औषध आहे, पण जालन्याहून मागवावं लागेल.

सकाळी जेसीबी बांधाशी येऊन उभा राहिला. बाबांनी पहिल्या झाडाला हात जोडले. मी घरात पळाले, खाटेवरची गोधडी ओढून आणली आणि त्या झाडावर पसरली.

जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं. बाबांनी बोलावलेल्या प्रीतीताईही तोवर पोचल्या होत्या. त्यांनी गोधडीकडे पाहिलं आणि नकाशा सोडून मोबाईलवर साधे फोटो मोठे केले. आईने डोकावून एकेक गोधडी ओळखली. तिसरी तिच्या माहेरची निघाली.

"मंग हा बारका ठिपका कशाचा?" प्रीतीताई म्हणाल्या. "हर फोटोत जागा बदलून राह्यलाय."

त्यांनी तो मोठा केला. तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघणारी मी.

झाडं वाचली. गोधड्या मात्र पंचक्रोशीत पसरला. परवा धावड्याहून एक शेतकरी पिशवीत पानं घेऊन आले. हा गोधड्याच आहे का, असं विचारत होते. मी दाराआड सरकले.

"तो रोग न्हाई, पाव्हणं," बाबा शांतपणे म्हणाले. "कीड हाये. नववीत शिकती."