एकाहत्तर ग्रॅमचा डोंगल

निवड ही फार पवित्र गोष्ट आहे. म्हणूनच ती गरजवंताच्या हाती देत नाहीत. गरजवंत घाईत असतो, आणि घाईतला माणूस कामाची वस्तू उचलून मोकळा होतो. मग बैठका कोणी घ्यायच्या?

कोपरखैरण्याच्या श्रमसाफल्य सोसायटीला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सोसायटीत निम्मी घरं बाजारात पोती वाहिलेल्या साताऱ्याकडच्या माथाडींची, निम्मी नोकरदारांची. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीला वाचनालय म्हणत. (पुस्तकं अकरा. त्यांतली सहा एकाच विमा योजनेची.) रबाळ्याच्या एका कारखान्यानं तिथं एक जुना कॉम्प्युटर दिला. विंडोज चालवताना तो धापा टाकायचा. मग तिथल्याच एका निवृत्त माथाडीच्या, बाबासोंच्या, सुनेनं, उत्कर्षानं, त्यात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घातलं आणि म्हातारं यंत्र पोरासारखं पळायला लागलं. इंटरनेट तेवढं नव्हतं. वायर ओढायची तर भिंतीला भोक पाडावं लागे, आणि भोकाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. तेव्हा सोसायटीच्या ऑफिसातलं वायफाय पकडणारा, यूएसबीत खुपसायचा एक डोंगल घ्यावा असं ठरलं.

घाई बाबासोंना होती. त्यांची बायको विजयमाला त्रेसष्टाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसणार होती. फॉर्म ऑनलाइन, मुदत तीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. गेल्या वर्षी सायबर कॅफेवाल्यानं घाईघाईत तिचं जन्मसाल दोन हजार एक टाकलं. फॉर्म बाद झाला, वर्ष गेलं. यंदा तिनं घरात बजावलं होतं, "माजं नाव मी माज्या बोटानं लिवणार. मोबाइलवर न्हाय, त्यातल्या मुंग्या मला दिसत न्हाईत." उत्कर्षानं वाचनालयातल्या कीबोर्डवर मोठी अक्षरं चिकटवून दिली होती, आणि दोन महिने सासू त्यावर एकेका बोटानं सराव करत होती.

सोसायटीनं 'बिनतारी जोडणी उपकरण निवड समिती' नेमली. सेक्रेटरी नंदकुमार अध्यक्ष. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि कचेरी त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायची होती. दुसरे उदयसिंह, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तीस वर्षं तोलाई केलेले. तिसरे बाबासो. पण डोंगलची गरज बाबासोंच्या घरात असल्यामुळे त्यांचा हितसंबंध येत होता, म्हणून त्यांना मत नव्हतं. (ज्यांना वस्तू लागणार नव्हती, त्यांना प्रत्येकी एक मत होतं.) निवड पूर्ण होईपर्यंत यंत्र अपूर्ण, आणि अपूर्ण यंत्र कुणी वापरू नये, म्हणून वाचनालयाला कुलूप लागलं. किल्ली नंदकुमारांच्या खिशात गेली. विजयमालाबाई घरी पोळपाटावर बोटं आपटून सराव करू लागल्या.

पहिल्या बैठकीत तीन सीलबंद डबे टेबलावर आले. नंदकुमारांनी तक्ता आखला: डब्याचा रंग, अँटेना किती, वॉरंटी किती, डब्यावर कुठल्या परदेशी माणसाचा हसरा फोटो. 'चालतो का' असा रकाना नव्हता. तो ठेवला असता तर त्यात दोन चौकटी रिकाम्या राहिल्या असत्या आणि तक्ता वाईट दिसला असता.

उत्कर्षा न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात नोकरीला. रजा टाकून आली होती. ती म्हणाली, "सर, डबा नका बघू. आत चिप कोणती आहे ते बघा. लिनक्सला काही चिपा ओळखता येतात, काही नाही. तो नखाएवढा छोटा आहे ना, त्याची चिप लिनक्सला माहीत आहे. लावला की चालू."

"आणि हा मोठा?" नंदकुमारांनी विचारलं.

"ह्याचं काही सांगता येत नाही. कंपनी नाव तेच ठेवते, डबा तोच ठेवते, आणि आतली चिप गुपचूप बदलते."

नंदकुमारांना यात गैर दिसलं नाही. नाव तेच ठेवून आतला माल बदलणं त्यांनी खात्यात छत्तीस वर्षं पाहिलं होतं. बाबासोंना मात्र आयुष्यभराची ओळख पटली. ते म्हणाले, "म्हंजी पोत्याच्या तोंडाला बटाटा येगळा आन् पोटात येगळा. मग आपण काय करायचो, उदयसिंह? पोत्यात सळई खुपसून नमुना काढायचो का न्हाय? लावून बघा की एकेक!"

"सील तोडलं की वॉरंटी गेली," नंदकुमार म्हणाले. "शिवाय एकाला लावून बघणं म्हणजे त्याला झुकतं माप."

"मग सर, डोंगलच नको," उत्कर्षा म्हणाली. "मोबाइल चार्जिंगच्या वायरनं कॉम्प्युटरला जोडायचा. मोबाइलचं इंटरनेट आत येतं. लिनक्सला ते चालतं."

"वायर कुठून घ्यायची?"

"घरात आहे."

"म्हणजे फुकट?" नंदकुमारांनी पेन खाली ठेवलं. "फुकट वस्तूची तीन कोटेशनं कशी आणणार, बाई?"



शेवटी उदयसिंहांनी बाजाराचा कायदा काढला: माल कळत नसेल तर तोलावा. त्यांनी घरून सोन्याचांदीचा काटा आणला आणि तिन्ही डबे तोलले. नखाएवढ्याचा डबा नऊ ग्रॅम, मधल्याचा अठ्ठावीस, आणि अँटेनांची दोन शिंगं असलेल्या मोठ्याचा एकाहत्तर. (यातला पुठ्ठा चाळीस ग्रॅम होता. पण बारदानाची वजावट करायची झाली, तर त्यासाठी उपसमिती लागली असती.) नऊ ग्रॅमवाल्याबद्दल शेरा पडला, 'चिमटीत हरवण्याची शक्यता.' एकाहत्तर ग्रॅमवाला एकमतानं मंजूर झाला. बाबासो गप्प बसले. मत नसलेल्या माणसाचं गप्प बसणं एकमतातच धरतात.

मंजुरीचं पत्र, त्याची पोच, पोचेची नोंद, यात तीन आठवडे गेले. तीस नोव्हेंबरला दुपारी दोन वाजता वाचनालयाचं कुलूप निघालं. विजयमालाबाई हिरवं लुगडं नेसून, फोटो आणि दाखला पिशवीत घालून आल्या होत्या. नारळ फुटला. डोंगल लागला. निळा दिवा पेटला, टाळ्या पडल्या. लिनक्सनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

डब्यात एक सीडी होती. कॉम्प्युटरला सीडी घालायची जागा नव्हती. असती तरी ती विंडोजची होती. लिनक्सला डोंगलची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीच्या साइटवर मिळेल, असं डब्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं. इंटरनेट मिळवायचं सामान इंटरनेटवर ठेवलं होतं. किल्ली हरवू नये म्हणून कुलूप लावलेल्या घरातच ठेवावी, तसं. नंदकुमारांना ही काळजी आवडली. डोंगल रीतसर निवडलेला असल्यामुळे दोष कॉम्प्युटरचा, असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि डोंगलला शोभेल असा कॉम्प्युटर निवडण्यासाठी समिती चहाला गेली.

खोलीत तिघंच उरली. उत्कर्षानं पर्समधून वायर काढून मोबाइल जोडला. अर्ध्या मिनिटात पान उघडलं.

"बसा, आत्या."

विजयमालाबाई बसल्या. एक अक्षर शोधायचं, बोट टेकवायचं, वर बघायचं, ते उमटलं की हसायचं. नाव. नवऱ्याचं नाव. आडनाव. जन्मसाल त्यांनी तीनदा वाचून पाहिलं. बाबासो दाराशी उभे होते, पाठीवर पोतं असल्यासारखे, न हलता. दोन तास गेले. पाचला दहा कमी असताना फोटो चढला, सही चढली, आणि शेवटचं बटण तेवढं उरलं.

"दाबू?"

"थांबा, एकदा सगळं नीट वाचा," सून म्हणाली.

तेवढ्यात समिती परत आली.

"हे कसं काय चाललं?" नंदकुमार.

"वायरवर," बाबासो.

नंदकुमार रागावले नाहीत. उलट मोठ्या मनानं म्हणाले, "चालतंय तर तक्त्यात घेऊ. चौथा पर्याय. उदयसिंह, वजन?"

उदयसिंहांनी हात घातला, वायर दोन्ही टोकांनी उपटली आणि काट्यावर ठेवली.

"बावीस ग्रॅम."

जोडणी तुटली तसं साइटनं भरलेलं सगळं पुसलं, आणि पडदा पांढरा झाला. विजयमालाबाईंचं बोट हवेतच राहिलं.

"आवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माजं नाव कुटं गेलं?"

वायर परत लागेपर्यंत पाचला चार कमी होते. उत्कर्षानं कीबोर्ड ओढला, तर सासूनं तिचं मनगट धरलं. "घाईत नको गं. मागल्या येळंला घाईतच गेलं." आणि त्यांनी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. पाच वाजले तेव्हा त्या नवऱ्याच्या नावापर्यंत आल्या होत्या.

बैठकीच्या इतिवृत्तात नोंद आहे: 'चार पर्यायांचा तौलनिक अभ्यास यशस्वीरीत्या पूर्ण.' फॉर्मचा उल्लेख नाही. तो विषयपत्रिकेवर नव्हता. बाबासोंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मत नसल्यामुळे तो लगेच मंजूर झाला.

त्यांची जागा अजून रिकामी आहे. हे सगळं वाचून झाल्यावर ज्यांना पहिली शंका आली ती 'मग लिनक्ससाठी नेमका कोणता डोंगल घ्यावा?' अशी असेल, त्यांनी वाचनालयात नंदकुमारांना भेटावं. मुलाखत नाही. समितीला अशीच माणसं लागतात.