जिना चढून मिळवलेले गुण

फैझुल्ला उस्तांना दोनच गुण पडले आणि त्यांचं तोंड उतरलं.

"अहो, दोन म्हणजे उत्तम!" डॉक्टर बिन्नूर म्हणाली. "पित्ताशय काढताना किती त्रास होईल, त्याचा अंदाज आम्ही रक्तावरून बांधतो. गुण कमी, तेवढं काम सोपं. परवा सकाळी मीच करते."

"तू?" ती त्यांच्या लेकीहूनही लहान दिसत होती. "आणि होजा?"

मोठे सर्जन तुर्गाय यांना सगळं कायसेरी शहर होजा, म्हणजे गुरुजीच म्हणे.

"होजा पाचाच्या वरचे रुग्ण घेतात."

उस्ता म्हणजे कसबी कारागीर, आणि त्यांची पास्तिर्मा गावात नावाजलेली. मसाला चोपडून वाळवलेल्या त्या मांसाचा मोसमातला पहिला काप चाळीस वर्षं त्यांनीच चाखला होता. यंदा वाळत घातलेला घाणा वीस दिवसांनी उघडायचा होता, आणि पित्ताच्या खड्यांनी त्यांना उन्हाळ्यापासून उकडलेल्या दुधीवर आणून ठेवलं होतं. गिऱ्हाइकं "उस्तांच्याच हातचं द्या" म्हणून अडून बसत. हात थरथरायला लागल्यापासून आतल्या खोलीत लेक नसीबे कापायची आणि उस्ता मिशीला पीळ देत ताट बाहेर आणायचे, ही गोष्ट वेगळी.

"माझे सात आहेत," शेजारच्या खाटेवरून शाबान म्हणाला. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. "होजा स्वतः करणार! उद्या पुन्हा रक्त घेतील ना तुमचं? त्याआधी जिना चढून या. धावपळीनं पांढऱ्या पेशी वाढतात, माझी भाची नर्स आहे."

दुसऱ्या दिवशी उस्ता सपाता घालून सहा मजले चढले, उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या फेरीला त्यांची बायको हाजेर हातात सुपाचा डबा घेऊन समोर आली.

"अहो, मागे कुत्रं लागलंय का?"

"गुण... वाढवतोय!"

"शाळेत असताना वाढवले असते तर!"

संध्याकाळी बिन्नूर गंभीर चेहऱ्यानं आली. "उस्ता, सहा आलेत."

"म्हणजे होजा!" उस्ता उठूनच बसले.

"हो, पण आत सूज दिसतेय. होजा म्हणतात, आधी औषधं, सहा आठवड्यांनी ऑपरेशन. तोवर दुधीच."

सहा आठवडे! म्हणजे पहिला काप जावई खाणार. ज्याला पास्तिर्मा आणि चपलेचं कातडं यातला फरक कळत नाही, तो!

"शाबान, तुला किती दिवस झाले रे इथं?"

"आज बारावा," शाबान थाटात म्हणाला.

उस्तांनी डोळे मिटले आणि सगळं कबूल करून टाकलं. बिन्नूर रागावली नाही. "या महिन्यातले जिना चढणारे तुम्ही चौथे," ती म्हणाली. "आता रात्रभर गप पडून राहा. सकाळी पुन्हा रक्त बघू."

सकाळी गुण पुन्हा दोन. उस्तांनी एकच हट्ट धरला, निदान ऑपरेशनच्या वेळी होजा तिथं उभे तरी असू देत. होजा आले. त्यांच्या पांढऱ्या मिशीकडे बघत उस्ता निवांत झोपी गेले.

जाग आली तेव्हा मिशी समोरच होती. "होजा, काय हलका हात आहे तुमचा!" उस्ता गहिवरले. "असा हात सांगून सापडायचा नाही."

"हात बिन्नूरचा," होजा म्हणाले. "मी नुसता कॅमेरा धरला होता. गेल्या वर्षी माझंही पित्ताशय हिनंच काढलं."

उस्तांनी बिन्नूरच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. टाके दुखायला लागले तरी थांबेना.

"काय झालं हो?" हाजेर घाबरली.

"काही नाही. आपलं दुकान आठवलं."

अठरा दिवसांनी घाणा उघडला. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती तेवढाच, कागदासारखा पातळ काप उस्तांनी जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. बाहेर कोणीतरी ओरडलं, "उस्ता, तुमच्याच हातचं द्या हं!"

उस्तांनी आत हाक मारली, "नसीबे, सुरी घे आणि बाहेर ये."

मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "कापेल ती. मी इथं उभा आहे."